ग्लास ब्लास्टिंगमुळेच वाजतात

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी मयुरी आली. कोळसा खाणीच्या नव्या मॅनेजरची बायको, आमच्या ऑफिसर्स क्लबची नवी सेक्रेटरी. २९ तारखेला 'रेट्रो नाइट' आहे म्हणे. मी 'संगीत आणि कॉकटेल, तेव्हापासून आतापर्यंत' या विषयावर बोलायचं आणि बापूच्या रेकॉर्ड्स द्यायच्या. म्हणाली, आंटी, तुम्ही तर लेजंड आहात. मी कोणाची आंटी नाही. ठाम नकार दिला.

दुपारी फोन करून होकार कळवला. या विषयावर बोलणारं माजरीत दुसरं आहे कोण?

संकल्प. एक : भाषणात बापूचं नाव घ्यायचं नाही. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. दोन : त्याच्या खुर्चीपुढचा गालिचा ड्रायक्लीनला चंद्रपूरला पाठवायचा. ग्लास हातात घेतला की पहिले दोन थेंब खाली. क्लबात तेच, घरी तेच. चाळीस वर्षं ओरडले. नुसता हसायचा. थरथरत्या हाताचा नेम मात्र पक्का; डाग एकाच जागी.

१६ नोव्हेंबर, रविवार
संध्याकाळी शोकेसमधले ग्लास वाजले. खाणीत ब्लास्टिंग झालं की वाजतातच. पण रविवारी ब्लास्टिंग नसतं.

स्वयंपाकाची सोमारी म्हणाली, बाई, सायेबच असन. त्यायले काई पाह्यजे असन. मी सांगितलं, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे, मी असलं काही मानत नाही. म्हणाली, मंग साऱ्या घरचे लाइट काऊन लावून ठेवले?

डासांसाठी.

१९ नोव्हेंबर
गालिचा गेला. खोली मोठी वाटते. छान वाटते.

२१ नोव्हेंबर
भाषण लिहायला घेतलं. आधी जिन आणि लाइम, रेकॉर्डवर सॅक्सोफोन. बायकांना टोमॅटो ज्यूस. त्यात व्होडका आहे हे फक्त नवऱ्यांना माहीत नसे. मग कॅसेट आल्या, गझल आली, व्हिस्की आली. नाचणं संपलं, पुरुष रडायला लागले. मग जिल्ह्यात दारूबंदी. जलजिरा आणि कराओके. शुद्धीतला माणूस इतकं बेसूर गातो हे तेव्हा कळलं.

बापू बंदीतच गेला. शेवटी फक्त इलेक्ट्रॉलचं पाणी. तेही दोन थेंब पलंगाखाली सांडून.

वाक्य खोडलं. नाव घ्यायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
ग्लास वाजले. आज जोरात. गालिचा नसल्यामुळे आवाज घुमतो. शास्त्रीय कारण आहे.

सोमारीनं काम सोडलं. सगळं नाही, फक्त संध्याकाळी सातनंतरचं. म्हणते, तुमी आन् सायेब पाहून घ्या.

२७ नोव्हेंबर
गालिचा आला. डागाचं नामोनिशाण नाही. संकल्प पुरा. भाषणात एक विनोद घातला : 'आमच्या वेळी क्लबाचा एक सेक्रेटरी होता, जो प्यायचा कमी आणि सांडायचा जास्त.' नाव नाही, त्यामुळे चालेल. लोक पोट धरून हसतील.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी
कालचा वृत्तांत. डीजेनं बापूच्या रेकॉर्डवर ढोलकीचे ठोके घातले. बंदी उठली आहे, त्यामुळे पेय म्हणजे मोहाची दारू, लिंबू, सोडा, वर पुदिना. आमच्या काळी ज्याला गावठी म्हणून नाक मुरडलं, ते आता काचेच्या नाजूक ग्लासात.

बार सांभाळायला डोमा म्हणून एक गृहस्थ आणले होते. त्यांनी बाटली उघडली आणि पहिले दोन थेंब फरशीवर टाकले. मयुरी ओरडली, भाऊ, टाइल खराब होते! ते म्हणाले, पयले पुरखायचं, मॅडम, गेलेल्या बापजाद्यायचं. मंग आपलं. त्यायले देल्ल्याबिगर आमच्याकडे कोनी तोंडाले लावत नाई.

मी सहज गाव विचारलं. आरमोरी.

बापूचं गाव. त्याच्या घरचे तलावावर जाळं टाकायचे. क्लबात हे कोणाला सांगायची गरज नाही, असं मी लग्नातच ठरवलं होतं. त्यानंही कधी सांगितलं नाही. आणि ते दोन थेंब कोणासाठी, हे मलाही नाही.

मग माझं भाषण. छान चाललं होतं. 'सांडायचा' या शब्दापाशी थांबलं. माइक खराब होता. मयुरीनं येऊन मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. लोक फार वेळ टाळ्या वाजवत होते. उगाच.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
डोमांनी उरलेली बाटली बांधून दिली होती. मी ती फेकणार होते. फेकण्याआधी चव पाहावी म्हणून बापूच्या ग्लासात थोडी ओतली. उचलताना हात थरथरला. दोन थेंब गालिच्यावर. नेमके तिथेच. ड्रायक्लीन वाया. डॉक्टरांना हात दाखवायला हवा.

रेकॉर्ड लावली. सगळे लाइट बंद करून शोकेससमोर बसले. एकही ग्लास वाजला नाही. हेच तर हवं होतं.

रेकॉर्ड संपली. अजून बसले आहे.

उद्या सोमवार. ब्लास्टिंग आहे. उद्या वाजतील.