सोमवारी न उठणारी व्हॅन

सोम. १ डिसें.
आज पुन्हा. चावी फिरवली, टक् आवाज, संपलं. बॅटरी उतरलेली. दिवाळीनंतर सोमवार आला की व्हॅन उठतच नाही. ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी धक्का दिला तेव्हा कुठे निघाले. सेक्टर ७ ची पोरं स्वेटर घालून रस्त्यावर उभी होती. शाळेत प्रार्थना संपलेली.
परतताना तिथेच एका मुलीच्या मम्मीने थांबवलं. "भाभीजी, पंद्रह से हाफ इयरली है. उस दिन भी ऐसा हुआ तो हम सब दूसरी वैन कर लेंगे." आणि आत वळताना नवऱ्याला, मला ऐकू जाईल असं, "लेडीज़ से गाड़ी नहीं सँभलती."
शाळेची व्हॅन चालवणारी आख्ख्या सेक्टर १० मध्ये मी एकटी. पोळ्या लाटतानासुद्धा तेच वाक्य डोक्यात.

मंगळ. २ डिसें.
पावर हाउसच्या बाजारात साहू मिस्त्रीकडे. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "बैटरी में जान नहीं है." नवी बसवून दिली. हँडब्रेकही ढिला आहे म्हणाला. बॅटरीचं बोल आधी, म्हटलं.
नवी बॅटरी, नवा आवाज. मामाजींना ओसरीवरून ऐकवला. सासरे असले तरी गाडीच्या बाबतीत ते अजून मालगाडीचे गार्डच. मान हलवली. जूनमध्ये व्हॅन सुरू केली तेव्हा रोज सकाळी फाटकाशी उभे राहून मला हिरवी झेंडी दाखवायचे. व्हॅनमधल्या पोरांना कौतुकाने सांगत सुटले होते मी. दिवाळीपासून बंद. कारण विचारलं तर म्हणाले, "दंडा दुसऱ्या कामाले लावला."

शुक्र. ५ डिसें.
आठवडाभर एका हाकेत सुरू. मग दोष बॅटरीचाच. की नाही? मंगळ ते शनि तर जुनीही उठत होती. मग नवीने काय सिद्ध केलं?
शाळेत विज्ञानात बरी होते मी. हे म्हणतात तेवढी वाईट नव्हते.

शनि. ६ डिसें.
संध्याकाळी हे प्लांटमधून आल्यावर मीटर मागितला. बंद गाडीतून करंट कोण पितं ते बघायचं. ह्यांनी जोडून दाखवलं, बाकी मी केलं.
आम्ही निघालो तसे मामाजी लगबगीने उठले. "थांब सुनबाई. मी आधी लोड मोकळा करतो. बांधलेल्या लोडले कोनी हात नाई लावत." नेहमीचंच. उभी गाडी म्हणजे त्यांच्या रेल्वेभाषेत लोड. गाडी सुट्टीभर उभी राहणार असली की चाकांना लाकडी ठोकळे लावतात, निघायच्या आधी स्वतः काढतात. दुसऱ्या कोणी काढायचे नाहीत. रेल्वेत असंच असतं म्हणे. डुप्लिकेट चावीही त्यांच्याच खिळ्यावर.
त्यांचं आटोपल्यावर मीटर लावला. जवळजवळ काही नाही. एकेक फ्यूज काढला, घातला. काही नाही. हे जांभया द्यायला लागले. "अवं, गाडी ठीक आहे. तू कावून मागे लागून राहिली?"
ठीक आहे तर सोमवारी काय होतं तिला?

सोम. ८ डिसें.
नवी बॅ. पण मेली. अगदी गार.
रडू आलं. राग जास्त. ऑटोवाल्याला बोलावून, सोबत जाऊन पोरं शाळेत पोचवली. ती मम्मी दारातून नुसती ऑटोकडे बघत होती. बोलली असती तर बरं.
मामाजी तुळशीपाशी उभे. ठोकळे काढून हातात धरलेले. "लोड तर हालला नाई ना," एवढंच. दिवाळीच्या सुट्टीत व्हॅन उतारावरून आपोआप घसरत जाऊन फाटकाला टेकली होती. कोणाला लागलं नाही, बंपर चेपला इतकंच. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. "उभा लोड घसरला म्हनजे गार्डची इज्जत गेली."
त्यांना घसरण्याची काळजी, मला सुरू होण्याची.

गुरु. ११ डिसें.
भाजी चिरताना विचार. रोजच्या रात्री ठीक, सुट्टीत मेलेली. मीटर लावला तेव्हा ठीक. म्हणजे आपण बघतो तेव्हा ती जशी असते तशी सुट्टीत नसते. गाडी तीच. मग गाडीत नाही, घरात शोधायला हवं. ह्यांना सांगितलं तर हसले. हसू देत.

शनि. १३ डिसें.
सापडलं!!
दुपारी पोरं सोडून गाडी लावली. आत जाऊन पडले, झोप नाही. चारच्या सुमारास दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला मागे गेले. व्हॅनचं तोंड रस्त्याकडे, पाठ भिंतीकडे, मागच्या अंगावर दवासाठी ताडपत्री. दोरीखालून वाकताना हात ताडपत्रीवर टेकला. गरम. सावलीत, डिसेंबरात, गरम! ताडपत्री उचलली तर भिंत लाल. ब्रेकचे दोन्ही दिवे पेटलेले.
धावत पुढे. सीट आणि ब्रेकच्या पायडलमध्ये मामाजींच्या झेंडीचा दंडा बसवलेला. घट्ट, अगदी मापात. हँडब्रेकवर भरवसा नाही म्हणून गार्डसाहेबांनी खरा ब्रेकच दाबून ठेवलेला, शनिवार ते सोमवार. आणि कोणी तपासायला आलं की नियमाप्रमाणे आधी स्वतः काढलेला. मीटरला दिसणार काय, कपाळ!
मी शोधलं. मिस्त्रीने नाही, ह्यांनी नाही. ओरडून क्वार्टरांच्या आख्ख्या लाइनीला सांगावंसं वाटलं.
मामाजी ओसरीवर मटार सोलत होते. "काय झालं वं?"
तोंडापर्यंत आलेलं गिळलं. "काई नाई मामाजी."
बॅटरी उतरू नये म्हणून तिची काळी तार सोडली. दंडा तसाच राहू दिला.

रवि. १४ डिसें.
ह्यांचं मत, "बाबाले सांगून टाक, विषय संपते." मी म्हटलं, तुमी एक शब्द नका बोलू. बंपर चेपला तेव्हा जेवले नव्हते. आता माझी व्हॅन त्यांच्यामुळे बंद पडत होती हे कळलं तर?
सकाळी म्हटलं, मामाजी, लोड मोकळा करून द्या, पावर हाउसला जाते. दिला. दंडा बगलेत घेऊन आत गेले, मी दुसरीकडे बघत होते. काळी तार परत जोडून निघाले. साहूकडून हँडब्रेकची केबल कसून घेतली. त्याला सगळं सांगितलं, गंमत म्हणून. हसला नाही. "भाभी, ये तो मैं भी नहीं पकड़ता." हे वाक्य मी जपून ठेवणार आहे.
घरी येऊन उतारावरच उभी केली. "मामाजी, हँडब्रेक कसून आनला. पन तुमी पास केल्याबिगर मी मानत नाई." त्यांनी व्हॅनला खांदा लावला. मग ह्यांना लावायला लावला. मग दोघांनी मिळून. हलली नाही. मामाजींनी वाकून चाक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "पास," म्हणाले.
दंड्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.
काळी तार जोडूनच ठेवली. सोडली असती तर खात्री कशी होणार? झोप मात्र येईल असं वाटत नाही.

सोम. १५ डिसें.
परीक्षा. पहाटे चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात सुरू!
सेक्टर ७ ला पाच मिनिटं आधीच पोचले. ती मम्मी वेणी घालत होती मुलीची. "आज जल्दी?" मी फक्त हॉर्न दिला. काय मजा आली.
पण लिहायचं ते वेगळंच. गाडी बाहेर काढली तर मामाजी फाटकाशी. कोट, मफलर, आणि हातात हिरवी झेंडी. कितीतरी दिवसांनी. ताठ उभे, हात पूर्ण लांब करून. मला भरून आलं, पुढचं धूसर दिसायला लागलं. मीही रेल्वेच्या नियमाने हॉर्न दिला.
जवळून जाताना दंडा दिसला. एका टोकाला पायडलच्या रबराचा काळा डाग, तसाच. पुसलेला नाही.
त्यांना कळलंय? की हँडब्रेक पास झाला म्हणून दंडा मोकळा झाला, एवढंच? गुरुवारी घासीदास जयंतीची सुट्टी, व्हॅन उभी राहील. दंडा कुठे असतो ते तेव्हा दिसेल.
चहाच्या वेळी म्हणाले, "सुनबाई, टाइमावर सुटली आज." मी हो म्हटलं.