पाळण्याचं दार आत उघडायला हवं

प्रिय नाना,

तुमच्यामुळे मी अडचणीत आले आहे, म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं, वर्षश्राद्धही झालं, पण तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नव्हतं. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि शुक्रवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. आईला सांगायची सोय नाही. ती म्हणेल, "साहेब म्हणतात तसं कर, बाई." आणि साहेब जे म्हणतात तेच तर माझं दुखणं आहे.

मग राहिलं कोण? ड्रॉइंग म्हटल्यावर ज्यांना अथपासून समजावून सांगावं लागत नाही, असे आपल्या घरात तुम्ही एकटेच होतात.

खरं म्हणजे माझं काम तुम्हाला कधी कळलंच नाही, असं मी समजून चालले होते. तुम्ही ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर. तुमच्या लेखी काम म्हणजे हातात धरता येते ती वस्तू. आणि मी अंबडच्या ऑफिसात एसीत बसून अमेरिकेतल्या कंपनीची जुनी कागदी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर नव्याने काढणार. आम्ही चौदा जण तेच करतो. ते स्कॅन करून पाठवतात, आम्ही काढून परत पाठवतो. तिकडचा माणूस तपासतो, कोपऱ्यातल्या चौकटीत त्याची सही होते. काढणाऱ्याच्या रकान्यात आमच्या ऑफिसचा एक कोड असतो. अकरा वर्षांत कितीतरी ड्रॉइंग माझ्या हातून गेली, वैशाली कुठेच नाही. संध्याकाळच्या कॉलवर ते आम्हाला 'रिसोर्स' म्हणतात. "उद्या किती रिसोर्स आहेत?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सिमेंटच्या गोण्यांबद्दल बोलतायत.

दरवर्षी मी म्हणायचे, सोडते ही नोकरी. तुम्ही कधी सोड म्हणाला नाहीत, धर म्हणाला नाहीत. तुमचा आपला एकच प्रश्न. मी घरून काम करत असले की मागे येऊन उभे राहायचात, चष्मा कपाळावर सरकवायचात आणि विचारायचात, "हा पार्ट लागतो कुठं गं?"

त्या दिवशी मी तुमच्यावर खेकसले, आठवतं? तुमचं डायलिसिस सुरू झालं होतं, आदल्याच दिवशी जाऊन आला होतात. मला संध्याकाळपर्यंत सहा ड्रॉइंग द्यायची होती. मी म्हणाले, "नाना, मला काय माहीत? सांगतात तेवढं काढते. कुठं लागतो ते विचारायचे मला पैसे मिळत नाहीत." तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात. मग अगदी साध्या आवाजात म्हणालात, "मग चुकलं तर तुला कळंल कसं?"

मी हेडफोन लावला. त्याची लाज मला आजही वाटते, तेव्हा नाही वाटली.

तुम्ही गेल्यावर मात्र तो प्रश्न माझ्या मानगुटीवरच बसला. मी विचारायला लागले. आधी घाबरत, मग सवयीने. हा कंस, म्हणजे ब्रॅकेट, कुठे बसतो? ही पट्टी कशाला धरते? तिकडच्या इंजिनीअर बाईंना पहिल्यांदा नवलच वाटलं, पण त्या जोडणीचे फोटो पाठवू लागल्या. आणि नाना, खोटं का बोलू, मला काम आवडायला लागलं. एका लोखंडी पट्टीच्या मागे अख्खं यंत्र दिसायला लागलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी आईला जेवताना ऑफिसबद्दल रडगाणं सोडून काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "बाप गेला आणि तुझ्यात येऊन बसला की काय?"

इथपर्यंत सगळं बरं होतं.

शुक्रवारी असाच एक फोटो आला. माणसांना उंचावर नेणारी गाडी असते ना, खांबावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्यांची, वर पाळणा असलेली, तिचा. पाळण्याला दार असतं. ते फक्त आत उघडलं पाहिजे, म्हणजे आतला माणूस दारावर रेलला तरी ते बाहेर जाणार नाही. त्यासाठी चौकटीवर एक कंस असतो, दाराला अडवणारा. तो मी तीन आठवड्यांपूर्वी काढला होता. फोटो बघितला आणि शेजारी माझं ड्रॉइंग उघडलं. मी काढलेला कंस उलटा होता. डाव्याचा उजवा, आरशात दिसतो तसा.

कसा झाला ते ऐकलंत तर तुम्ही कपाळाला हात लावाल. वस्तूची उजवी बाजू कागदावर कुठे काढायची याचे दोन रिवाज आहेत, हे मी तुमच्याकडूनच शिकले. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं तेव्हा तुम्ही आईची कपड्याच्या साबणाची अख्खी वडी कापून पार्ट बनवलात, भिंतीशी धरलात आणि त्याच्यावर बॅटरी मारलीत. "उजवीकडून बत्ती मारली, सावली पडली डावीकडं. बस. आपलं ड्रॉइंग म्हंजी सावली." आईने त्या साबणावरून दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता. तर आपल्याकडे उजवी बाजू डावीकडे काढतात. अमेरिकेत उजवी बाजू उजवीकडेच. मी अकरा वर्षं त्यांच्याच रिवाजाने काढते आहे. त्या कंपनीने युरोपातला एक जुना कारखाना विकत घेतला, त्याची ड्रॉइंग या वेळच्या गठ्ठ्यात आली. तो कारखाना आपल्यासारखा, सावलीवाला. कोपऱ्यात तशी खूण होती, पण स्कॅनमध्ये ती पुसट झाली होती. मी ती मोठी करून बघायला हवी होती. बघितली नाही. आपलाच रिवाज समोर आला आणि मला ओळखू आला नाही!

तिकडच्या तपासणाऱ्यालाही दिसलं नाही. त्याने सही केली. मंगळवारी सकाळी त्यांच्याकडे पत्रा कापायला सुरुवात होणार आहे.

काल शनिवारी ऑफिस होतं. साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत, नाना. तुम्ही आयसीयूत होतात तेव्हा त्यांनी मला रजेचा अर्जसुद्धा लिहू दिला नव्हता. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "वैशाली, चेकर त्यांचा, सही त्यांची. स्कॅन खराब, तोही त्यांचाच. आपला विषय संपला."

मी म्हटलं, "सर, पण दार बाहेर उघडेल."

"बसवतानाच लक्षात येईल त्यांच्या. बसणारच नाही तो. ते बघून घेतील."

"आणि नाही आलं लक्षात तर?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "पुढच्या महिन्यात काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. मागच्या तिमाहीत आपल्या दोन चुका आधीच निघाल्यात. हे काम गेलं तर बाकीच्या तेरा जणांना काय सांगायचं, ते तू येऊन सांग. आणि तुला टीम लीड करायचं मी वर कळवून बसलोय. डायरेक्ट मेल टाकू नकोस, प्लीज."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जागेवर येऊन बसले आणि चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

आता गंमत बघा. अकरा वर्षं मी ज्याच्यावरून चिडचिड केली, तेच मला वाचवायला उभं आहे. त्या कागदावर माझं नाव नाही. उद्या काही झालं तरी माझ्यापर्यंत कोणी पोचणार नाही. मी गप्प बसले तर मला काहीच होणार नाही. नाना, हे कळल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं ना? मग मला तसं का वाटत नाही?

कालपासून मी तुमचा तो हरवलेला पाना आठवते आहे. कारखान्यात एक पाना जरी सापडला नाही तरी विमान जागचं हलत नाही, हा तुमच्याकडचा नियम. सुटी व्हायला दहा मिनिटं असताना तुम्ही स्वतःहून सांगितलंत, माझा पाना हरवलाय. सगळे अडकले, बस निघून गेली, लोकांनी शिव्या घातल्या. आणि शेवटी तो निघाला तुमच्याच डब्याच्या पिशवीतून. पुढे कित्येक महिने लोक विचारायचे, "काय नाना, आज भाजी कशाची, पान्याची का?" तुम्ही हे हसत हसत सांगायचात, आम्हीही हसायचो.

पण एक सांगू? रागावू नका. तुम्हाला सोपं होतं. चूक सांगणाऱ्याला तुमच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी चहा पाजला. तुमच्याकडे सांगायचीच रीत होती. माझ्याकडे गप्प बसायची आहे. तुम्ही चाळीस माणसांची बस चुकवलीत, मी तेरा जणांची नोकरी घालवीन. त्यातल्या दोघांची लग्नं ठरलीत, एकीला सातवा महिना लागलाय. मला एवढा मोठा प्रश्न देऊन तुम्ही निघून गेलात, आणि उत्तराच्या वेळी फोटोत हार घालून बसला आहात. हे बरं नाही केलंत.

आज सकाळपासून मी मनाची समजूत घालते आहे. साहेब म्हणतात तसं, तिकडचा फिटर ओळखेल. तुम्ही असतात तर ओळखलंच असतं. तुम्ही म्हणायचात, पार्ट बसत नसेल तर ड्रॉइंगला शिव्या द्याव्यात, हातोडीला हात लावू नये. पण तुमच्या शेजारी काम करणारे सगळे तसेच होते का? तुम्हीच सांगायचात की नव्हते. कोणाला घरी जायची घाई असेल, कोणी नवीन असेल, दोन ठोके मारेल आणि बसवेल. मग कधीतरी कोणीतरी, ज्याचं नाव मला कधीच कळणार नाही, दिवा बदलता बदलता दाराला पाठ टेकेल. हे चित्र डोळ्यांसमोरून हलतच नाही. जेवताना आईने दोनदा विचारलं, "भात का चिवडतेस?"

म्हणून मेल लिहिला. चार ओळींचाच आहे, पण दीड तास लागला. आधी लिहिलं, 'आमच्या टीमकडून नजरचुकीने'. ते खोडलं. टीमने काही केलेलं नाही. मग लिहिलं, 'स्कॅन अस्पष्ट असल्यामुळे'. तेही खोडलं, कारण मोठी करून बघितली असती तर खूण दिसली असती. शेवटी लिहिलं की हे ड्रॉइंग मी काढलं, कंस उलटा आहे, मंगळवारी पत्रा कापू नका, दुरुस्त ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. खाली माझं नाव लिहिलं, वैशाली दत्तात्रय, तुमच्या नावासकट. तिकडे माझ्या नावानिशी जाणारं हे पहिलंच काम, नाना, आणि ते माझी चूक आहे.

तिकडच्या बाईंना पाठवला, साहेबांना प्रत ठेवली. त्यांच्या नकळत करायचं नव्हतं. हा आणि मागचा परिच्छेद मी मेल पाठवल्यानंतर लिहिते आहे, अक्षर बघून ओळखलंच असेल तुम्ही.

फोन वाजतोय. साहेबांचाच आहे, रविवारी ते कधी करत नाहीत. आई आतून म्हणते आहे, "अगं उचल की, कोणाचा आहे?"

उचलते. त्या तेरा जणांबद्दल ते विचारतील, कदाचित मी रडेनही. पण मेल मागे घे म्हणाले तर घेणार नाही. तुम्हाला एवढंच वचन देते.

तुमची,
वैशाली