घर क्रमांक एकेचाळीस

दि. ४, सोमवार

ती. ताईस,

नमस्कार. फोन असताना हा कागद कशाला काळा करतोय, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं खाली येईलच.

इकडे सगळं ठीक. हिचे गुडघे जैसे थे. माझी कंबर सकाळी माझ्यानंतर अर्ध्या तासाने उठते. महिनाअखेरीस मी निवृत्त होतोय हे तुला ठाऊक आहेच. तोवर पावसाळ्याआधीच्या देखभालीवर टाकलंय. खड्डे भरायचे, रस्त्याखालच्या नळ्यांची तोंडं मोकळी करायची, कडेची झुडपं तोडायची. तेहतीस वर्षं हेच. या टोकाचे बुजवून त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाला नवे पडलेले असतात. आमच्या टोळीची मुकादमबाई परवा म्हणाली, "बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं साहेब, सांभाळणाऱ्याला कुत्रं विचारत नाही." खरं आहे. पण ती हे फावडं मारता मारता म्हणाली आणि मी जीपच्या पायरीवर बसलो होतो, म्हणून मुकाट उठलो.

थोरलीचं बाळ आता बसायला लागलं असेल. धाकटा सुट्टीत घरी येतो का? त्याला म्हणावं, मामाला कधीतरी कामाशिवायही फोन करत जा.

आता लांबण लावत नाही.

निरोपसमारंभाच्या भाषणाचा मसुदा मोठ्या साहेबांनी मला दाखवला, तारखा तपासायला म्हणून. त्यात एक वाक्य आहे: "यांच्या सख्ख्या बहिणीची वस्ती अवघ्या चार माणसांनी रस्त्याच्या योजनेतून राहिली, पण यांनी आकडा हलवला नाही." हा किस्सा आमच्या ऑफिसात बारा वर्षं सांगितला जातो. नवीन पोरं भरती झाली की त्यांना पहिल्या आठवड्यात ऐकवतात. मी मान खाली घालून ऐकतो, आणि लोकांना तो नम्रपणा वाटतो.

ताई, तो किस्सा खोटा आहे.

नियम तुला तेव्हा सांगितला होता. अडीचशे माणसं भरली तर वस्तीला रस्ता, नाहीतर मोठ्या गावापाशी डांबर संपणार आणि पुढचे तीन किलोमीटर तुमचे तुम्ही. दुसरा नियम मी सांगितला नव्हता. नातेवाइकाचं घर आपण मोजायचं नाही, जोडीदाराने मोजायचं. माझा जोडीदार म्हणजे तो टेपवाला, गळ्यात कायम मोजायची टेप अडकवून फिरायचा तो. त्या दिवशी तो तापाने फणफणून मोठ्या गावातच पडला होता. मी एकटाच चाळीस घरं करून तुझ्या दारात आलो. तू जेवायला वाढलंस. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, माझ्या डोळ्यांदेखत होईल का रे रस्ता? मी होईल म्हटलं आणि हात धुतले. ओसरीवर बसून नोंदवहीत एकेचाळीस नंबरपुढे पेन्सिलीने लिहिलं, 'घर बंद'. टेपवाला बरा झाला की येऊन मोजेल, या हिशेबाने. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी बेरीज केली. दोनशे सेहेचाळीस. तुझ्या घरातली पाच धरली की दोनशे एक्कावन्न.

एकच जास्त. लोक म्हणणार, साहेबांनी बहिणीसाठी बरोबर मोजून मापून बसवलंय. त्याच वर्षी शेजारच्या विभागात एका साहेबाची सासुरवाडीच्या रस्त्यावरून चौकशी चालू होती. मी वही मिटली. रात्रभर झोप लागली नाही म्हणावं, तर तेही खोटं, चांगला झोपलो. सकाळी टेपवाल्याने विचारलं, "ताईंचं घर झालं का?" मी म्हटलं, "झालं." आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाई फिरवली.

एवढंच. एक शब्द बोललो आणि दोन गिरवले.

निकाल लागला तेव्हा तू उलट माझीच समजूत काढलीस. तू तरी काय करणार रे, आमचंच नशीब चार माणसांनी कमी पडलं, म्हणालीस. तेव्हा मी बोलायला हवं होतं. नंतरही दर वेळी बोलायला हवं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा, थोरलीची शाळा पावसाळ्यात सुटली ती सुटलीच तेव्हा.

आणि भावजी गेले तेव्हा. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला जायचं, आणि तीन किलोमीटर खुर्चीला बांबू बांधून चौघांनी न्यायचं. एका खेपेला मी खांदा दिला होता. चिखलात पाय निसटत होते. भावजी वरून मला म्हणाले, "साहेब, चार माणसं कमी पडली, म्हणून बघा, चार माणसांना उचलावं लागतंय." बाकीचे तिघं हसले. मीही हसलो, ताई. पुढे त्यांनी जाणंच थांबवलं. लोकांच्या खांद्यांना किती त्रास द्यायचा, म्हणत. तू त्यांच्यावर चिडलीस, पाया पडलीस, मला बोलावून घेतलंस समजावायला. मी समजावलं. कोणत्या तोंडाने, ते माझं मला माहीत.

आता मुद्द्याचं. नवीन परिपत्रक आलंय. जुन्या मोजणीत चूक झाली असेल तर ती वस्ती यादीत परत घेता येते. आजची मोजणी उपयोगाची नाही. रस्ता नाही म्हणून लोक निघून गेले आणि आता तुम्ही पावणेदोनशेही भरणार नाही. जुनाच आकडा सुधारायला हवा. त्याला वस्तीकडून अर्ज लागतो, त्या वर्षीच्या रेशनकार्डासह, पंचवीस तारखेच्या आत. मी आपणहून लेखी देणारच आहे, पण ती माझी कबुली होते, वस्तीची मागणी होत नाही.

अर्ज मी लिहून सोबत ठेवलाय. माझ्या नावानेच तक्रार आहे: "सदर अधिकाऱ्याने घर क्रमांक एकेचाळीस उघडे असताना व तेथे भोजन केले असताना बंद असल्याची नोंद केली." तू फक्त सही कर. चौकशी लागेल, पेन्शन अडेल, भाषणातलं वाक्य खोडावं लागेल. त्याचा विचार तू करू नकोस. मी धीट झालोय असं समजू नकोस. हिला सांगितलं. ती "आधी ताईंना सांगा" एवढंच म्हणाली.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मी पुन्हा सुटेन.

म्हणवत असेल तर,
तुझा भाऊ


दि. १३, बुधवार

चि. भाऊस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचवलं नाही.

रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीत सापडलं. पाचही नावं आहेत, ह्यांचं सगळ्यात वर. अर्ज वस्तीत सगळ्यांना वाचून दाखवला, भोजनाच्या ओळीसकट. सह्या झाल्या आहेत, माझीही.

पण तो मी टपालाने पाठवणार नाही. तू येऊन घेऊन जा. जीप मोठ्या गावात ठेव आणि पुढे चालत ये. ह्यांना नेताना दम खायला खुर्ची टेकवायचे, त्या जागा वाटेत आहेत. तू एकाच खेपेला खांदा दिला होतास, तुला सगळ्या माहीत नसतील. मी सामोरी येऊन दाखवीन.

राग किती आहे ते मला अजून कळत नाही. तुला बघितल्यावर कळेल. जेवायला ये असं मी लिहीत नाही. दुपारी मात्र मी घरीच असते.

घर तेव्हाही उघडं होतं. आताही उघडंच आहे.

ताई