मोजून घेतलेली पानं

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, माझी तब्येत ठणठणीत आहे आणि जेवतेही वेळेवर. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तुम्ही "बोल गं मुंगे" म्हणाला असतात आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला असता. गेले तीन आठवडे तेच करतेय.

आमचे फायलीकाका तुम्हाला आठवत असतील. मागच्या वर्षी तुम्ही विद्यापीठ बघायला आलात, तेव्हा अभिलेखागाराच्या दारात तुमची पिशवी आणि पेन काढून घेणारे, करड्या स्वेटरातले. "इथे फक्त पेन्सिल," असं त्यांनी दरडावल्यावर तुम्ही शाळकरी पोरासारखे गप्प झाला होतात. उद्या अकरा वाजता त्यांची चौकशी आहे. तुमच्या काचकारखान्याच्या जुन्या हजेरीपटातलं एक पान गायब झालंय, दोनशे बारावं. निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि त्यांना काढून टाकायचं घाटतंय. तीस वर्षांत त्यांच्या हातून कागदाचा कपटाही हरवलेला नाही.

इथली पद्धत अशी, की बांधणी सैल झालेलं रजिस्टर देताना काका आपल्यासमोर पानं मोजतात, परत घेताना पुन्हा मोजतात आणि चिठ्ठीवर 'पानं मोजून घेतली' असं लिहून सही करतात. पहिले सहा महिने माझीही मोजली. मी मनातल्या मनात चरफडायची. मग एक दिवस रजिस्टर तसंच कपाटात ठेवत म्हणाले, "तुझं काय मोजायचं, पोरी!" त्या दिवशी वसतिगृहापर्यंत मी अक्षरशः तरंगत गेले. एम.ए.च्या पहिल्या नंबराचाही एवढा आनंद झाला नव्हता. चिठ्ठीवर सही मात्र ते नेमाने करत राहिले. गेल्या महिन्यात प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी माझ्या तळटीपा ताडून बघायला तेच रजिस्टर मागवलं, तेव्हा पान नव्हतं आणि शेवटच्या चिठ्ठीवर काकांची सही होती. समितीला त्यांनी एवढंच सांगितलं, की वय झालं, मोजण्यात चूक झाली असेल. माझ्यापाशी मोजणं सोडून दिलं होतं, हे सांगितलं असतं तर संशय माझ्यावर आला असता. माझं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. परवा जिन्यात भेटले तर मलाच विचारत होते, चेहरा का उतरलाय म्हणून.

पान माझ्याकडे आहे, बाबा. खोलीत, शब्दकोशात दाबून ठेवलंय. शिवण उसवून ते सुटंच झालं होतं. मी वहीत सरकवलं, वही बंद केली आणि रजिस्टर परत दिलं. हे इतक्या सहज जमलं, याचीच आता जास्त भीती वाटते. इतकी वर्षं इतिहास शिकले. कागद फाडणाऱ्यांना, जाळणाऱ्यांना, दडवणाऱ्यांना वर्गात तावातावाने शिव्या घातल्या. आणि पहिली वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

आता त्या पानावर काय आहे ते. लिहायला घेतलं की पेन थांबतंय, पण सांगायलाच हवं. तुमची मुलाखत माझ्या प्रबंधाचा कणा आहे. संपाच्या एकविसाव्या दिवशी तुम्ही आणि तुमचे जिवलग दोस्त शिट्टीकाका सकाळपासून फलक धरून मोठ्या फाटकापाशी उभे होतात, मागच्या फाटकाने काही जण कामावर गेले, भट्टी पेटली आणि संप मोडला, असं तुम्ही सांगितलंत. नंतर चाळीस जणांना कामावरून काढलं. त्यात शिट्टीकाका होते. ते गाव सोडून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. दाढी करताना तुम्ही अजून त्यांची शिट्टी वाजवता, हे तुमच्या लक्षातही नसेल. दोनशे बारावं पान त्याच एकविसाव्या दिवसाचं आहे. त्यावर आत गेलेल्यांच्या अकरा सह्या आहेत. सातव्या सहीखाली एक आडवी रेघ आहे आणि रेघेखाली दोन ठिपके. दहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच सही होत होती. मला नाव वाचायची गरजच पडली नाही.

खूप राग आला. आत गेलात याचा कमी, मला फाटकाची गोष्ट रंगवून सांगितलीत याचा जास्त. मग मी तुमच्या मुलाखतीची टेप पुन्हा ऐकली. फाटकाचा भाग यायच्या आधी तुम्ही म्हणता, "थांब गं, जरा पाणी पितो." त्यानंतर चौदा सेकंद काहीच नाही. ग्लास ठेवल्याचाही आवाज नाही. मी शहाणीने तिथे कंसात लिहिलं होतं, 'पाणी पितात'.

त्या दिवशी मी किती महिन्यांची होते, याचा हिशेब मी केलाय. घरात आणखी काय काय चाललं असेल, तेही मनाशी जुळवून बघितलंय. पण ते मी लिहिणार नाही. तुमच्या वतीने कारणं रचायला लागले, तर पान चोरण्याचंच ते दुसरं रूप होईल. आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, विद्यापीठ तुला ठेवेल की नाही, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, चालेल. चालणार नाहीये खरं तर.

हे पत्र तुम्हाला परवा मिळेल. तोवर मी समितीसमोर पान ठेवलेलं असेल, काकांना सगळ्यांदेखत ते मोजून घ्यायला लावलेलं असेल, आणि त्या सातव्या सहीवर कोणाचंही बोट पडू शकेल. तुम्ही नको म्हणायच्या आत मला हे उरकायचं होतं, म्हणून आधी फोन केला नाही. पण पत्र लिहिलं ते माफी मागायला नाही आणि जाब विचारायलाही नाही. मला ठेवलं तर प्रबंधात, काढलं तर माझ्या वहीत, ते प्रकरण मी पुरं करणारच आहे. त्यात तुमच्या नावाखाली अर्धं पान कोरं सोडलंय. रविवारी येते. टेप आणणार नाही, फक्त वही आणि पेन्सिल. या वेळी पाणी आधीच पिऊन घ्या.

तुमचीच,
मुंगी