झुबक्याची छाटणी

१७ ऑक्टोबर

झुबका रंगला! वर शेंदरी, आत जांभळट, बुंध्याशी अजून हिरवा. पाटीवर त्याचं हातभर लांब शास्त्रीय नाव आहे, ते आम्हा नर्सरीतल्या कुणालाच धड म्हणता येत नाही. म्हणून झुबका. इथल्याच रानातलं झुडूप. आज एक बाई म्हणाल्या, "वर्षभर फुलेल असं काहीतरी द्या." म्हटलं, तसली प्लास्टिकची मिळतात, समोरच्या दुकानात. हे वसंतात दहा दिवस घमघमतं आणि पानं गळायच्या आधी असं रंगतं. त्या विलायती गुलाब घेऊन गेल्या.

पाय फार दुखतायत.

२० ऑक्टोबर

लेकीचा फोन. एप्रिलच्या शेवटी बाळंतपण. "आई, येशील ना?" म्हटलं, बघू. बघू काय, कप्पाळ! ह्यांना एकटं ठेवायचं कसं? दोन वर्षांपूर्वीच्या तापात ह्यांच्या नाकाला वास यायचा बंद झाला तो झालाच. तीस वर्षं बेकरीत घड्याळ न बघता, नुसत्या वासावर भट्टी उघडणारा माणूस! गेल्या वर्षी गॅस उघडा राहिला आणि हे तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी वेळेवर आले म्हणून निभावलं. तेव्हापासून घराचं नाक मीच. नासलेलं दूध, शिळी भाजी, गॅस — सगळं मीच हुंगायचं.

डॉक्टर म्हणाले होते, येईलही, नाहीही; ओळखीचे वास देत राहा. म्हणून परसात तीन झुबके लावले. वसंतात रोज फांदी ह्यांच्या नाकाशी धरते. "येतोय?" "नाही." झालं.

४ नोव्हेंबर

घात झाला. कामावरून आले तर तिन्ही झुबके गुडघ्याएवढे! फांद्या मोळी बांधून भिंतीशी ठेवलेल्या. येत्या वसंताच्या कळ्या ह्या झाडाला उन्हाळा सरतानाच धरतात. आता फांदी कापली म्हणजे फुलं कापली. छाटायचं ते फुलं गेल्या गेल्या — दिवसातून दहा गिऱ्हाइकांना हेच सांगते मी, आणि माझ्याच परसात हे!

गल्लीत कुंपणवाला आला होता, सगळ्यांची मेंदीची कुंपणं तोच कापतो. फाटकाबाहेरच गाठला त्याला. "मावशी, तुमच्याकडे मी पायसुद्धा टाकला नाही." तरी नको नको ते बोलले. तो खाली बघून कात्री पुसत राहिला. हे खिडकीत उभे होते.

५ नोव्हेंबर

"जाऊ दे गं, झुडूपच ते." झुडूपच!

१३ जानेवारी

पानं नाहीत, त्यामुळे आज नीट दिसलं. कुंपणवाल्याची कात्री सरसकट चालते. इथे एकेक काप तिरका, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, बोटभर वर. अशी छाटणी मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली आहे.

विचारायचं धाडस होत नाही.

१४ जानेवारी

विचारलं. "हो, मीच." पेपर खाली न ठेवता! मग ठेवला. "फांदी धरतेस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतेस. निकालाच्या दिवशी आई बघते तशी. दर वर्षी मी नापास. मला नाही होत आता ते."

आधी संताप आला. मग दोन वर्षांचा सगळा शीण एकदम अंगावर आला आणि मी खालीच बसले. मला वाटत होतं मी ह्यांच्यासाठी करतेय. म्हटलं, "आणि त्या गरिबाला माझी बोलणी खाऊ दिलीत?" त्यावर पेपरची घडी घालत राहिले.

१६ जानेवारी

कुंपणवाल्याकडे दोघं गेलो. ह्यांनी स्वतः सांगितलं, माफी मागितली. मीही. तो म्हणाला, "काका, कापलंय मात्र झकास. माझ्याकडे येता का कामाला?" हे हसले. किती महिन्यांनी!

२८ मार्च

एक फांदी ह्यांच्या कात्रीतून सुटली होती, अगदी मातीलगत. तिला कळ्या आल्यात.

ह्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही. लेकीला कळवलं, जमत नाही. ती म्हणाली, "असू दे आई, सासूबाई आहेत इथे." मला समजावत होती पोर. फोन ठेवल्यावर रडले.

३ एप्रिल

नर्सरीत गर्दी. कंबर गेली. काही लिहावंसं वाटत नाही.

९ एप्रिल

संध्याकाळी दूध तापत ठेवलं आणि दोन मिनिटं म्हणून परसात गेले. फांदी उमललीय! पार जमिनीला नाक लावलं तेव्हा वास आला. तशीच बसून राहिले, दूध साफ विसरले. आणि घरातून ह्यांची हाक — "अगं, काहीतरी करपतंय!"

धावले. गॅस बंद केला. पातेलं कोळसा झालेलं. स्वतःला चार शिव्या घातल्या, खिडकी उघडली. मग लक्षात आलं. हे बाहेरच्या खोलीत होते. मधलं दार लावलेलं होतं, धूर स्वयंपाकघरातच कोंडलेला.

लेकीला फोन लावायचाय. पण हे ते काळं पातेलं मांडीवर घेऊन बसलेत, सारखे हुंगतायत, आणि मला इथून उठवत नाहीये.