अठरा एप्रिलची पिशवी

हिकरी फोर्ड, ओहायो
२७ जून १९९८

ती. हुल्दाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुझं ईस्टरचं पत्र येऊन अडीच महिने होत आले. उत्तर लिहायला कितीदा बसले आणि दर वेळी काहीतरी कारण काढून उठले. मी शिकवते त्या कॉलेजच्या परीक्षा होत्या हे खरं, पण त्या मेच्या पहिल्याच आठवड्यात संपल्या हेही खरं. माफ कर. तुला लिहायचं म्हणजे बाबांबद्दल लिहायचं, आणि बाबांबद्दल काय लिहावं हेच मला ठरवता येत नव्हतं.

आधी बरं तेवढं सांगते. बाबांचं खाणंपिणं, हिंडणंफिरणं उत्तम आहे. मी दर शनिवारी सकाळी शहरातून निघते ती रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे असते. मागच्या आठवड्यात रूबार्बच्या देठांचा गोड ‘पाय’ ओव्हनमध्ये केला होता. आंबट झालाय, तुझ्या आईचा असा नसायचा, असं म्हणत म्हणत त्यांनी तीन तुकडे संपवले. संध्याकाळी आम्ही पुढच्या पायऱ्यांवर बसतो. शेजारच्या डेल क्रूगरकडचं पाण्याचं कारंजं गोल फिरत असतं, त्याचा एक तुषार दर फेरीला आमच्या कुंपणापर्यंत येतो आणि परत जातो. कापलेल्या गवताचा वास असतो. काजवे गवतातून हळूहळू वर येतात, जणू जमीनच मनातल्या मनात काही आठवून बघतेय. अशा वेळी मला वाटतं, काही बिघडलेलं नाही. मी उगीचच कुढतेय.

पण बिघडलंय. पुढच्या अंगणातला मोठा मेपल गेल्या शरदात पाडला, हे तुला माहीत आहे. त्याच्या जागी जेवणाच्या टेबलाएवढं टक्कल पडलंय. बाबांनी तिथे मेमध्ये गवताचं बी टाकलं. उगवलं नाही. पुन्हा टाकलं. उगवलं नाही. जूनच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा टाकलं. होले पक्षी बी टिपून नेतात असं ते म्हणाले, आणि दोन दिवस खुर्ची टाकून होल्यांवर पहारा करत बसले. आमच्या गल्लीत कुणी कुणाच्या लॉनबद्दल तोंडाने काही बोलत नाही, फक्त फिरायला जाताना जरा थबकतात. हल्ली आमच्या घरापुढे सगळे थबकतात.

दोन आठवड्यांपूर्वी मी खुरपं शोधायला गॅरेजमध्ये गेले. तिथे तणरोधक दाण्यांची रिकामी पिशवी होती. खेकडागवत या तणाचं बी रुजूच नये म्हणून वसंतात, फोर्सिथियाची झुडपं पिवळी फुलली की टाकतात ना, ते. बाबांची सवय तुला ठाऊक आहे, जे टाकलं त्याच्या पिशवीवर काळ्या पेनाने तारीख. तिच्यावर लिहिलं होतं, १८ एप्रिल. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं की हे टाकल्यावर चार महिने गवताचं बी पेरू नये, तेही रुजणार नाही. औषधाला तण कुठलं आणि गवत कुठलं ते कळत नाही.

मी बाहेर येऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, की यंदा तणरोधक टाकलं होतं का. ते म्हणाले, छे गं, बी पेरायचं होतं ना, मग ते कसं टाकीन, एवढं कळतं मला. अगदी ठामपणे म्हणाले. चाळीस वर्षं जो माणूस शेजाऱ्यांना हेच शिकवत आला, तो.

मग मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. ती पिशवी घडी करून माझ्या गाडीच्या डिकीत टाकली. त्यांना ती दिसू नये म्हणून. की मला पुन्हा दिसू नये म्हणून? आई गेल्यापासून सहा वर्षं ते एकटे राहतात. त्यांना खरंच एवढं विसरायला होत असेल तर एकटं ठेवणं बरोबर नाही. आणि त्यांना या घरातून हलवायचं, तर त्यांच्यातलं काय उरेल? डॉक्टरांकडे चला म्हणायलाही धीर होत नाही. तू सांग.

तुझी माया अशीच राहू दे, मी लिहिण्यात कितीही आळस केला तरी.

तुझी,
कॉरिन


टूसॉन, अ‍ॅरिझोना
५ जुलै १९९८

चि. कॉरिन हिस,
अनेक आशीर्वाद.

अडीच महिने नाही, अकरा आठवडे. मी मोजलेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला दुसरं काय काम असतं? असो. माफ केलं.

माझ्या अंगणात सगळी खडी आहे आणि एक निवडुंग आहे. निवडुंग मला काही मागत नाही. खडी दर शुक्रवारी दाताळ्याने विंचरते, झालं माझं लॉन. तुझ्या बापाने पूर्वी इथे येऊन नाक मुरडलं होतं, की ताई, हे अंगण आहे की रेल्वेचा रूळ.

पोरी, विसरायला मलाही होतं. परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, लोण्याशेजारी. पण तू म्हणतेस ते वेगळं आहे, हे मलाही कळतं. तुझा बाप ऑर्लो त्याच्या लॉनच्या बाबतीत चुकला म्हणजे पाद्री प्रार्थना विसरल्यासारखं झालं. तरी तू पिशवी लपवलीस ते काही मला रुचलं नाही. तू लहानपणीही फुटलेली बशी सोफ्याखाली सरकवायचीस आणि मग आठवडाभर जेवायची नाहीस. त्याला सरळ विचार. तो काही काचेचा नाही.

उन्हाने इथे सगळं पांढरं झालंय. तुमच्याकडचे काजवे वाचून मला फार बरं वाटलं. पुढच्या पत्रात त्यांच्याबद्दल आणखी लिही.

म्हातारीवर रागावू नको, बाकी सगळं चालेल.

तुझी,
हुल्दाआत्या


हिकरी फोर्ड, ओहायो
१९ जुलै १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे कुणीतरी मेलं असं समजू नकोस. सगळे ठीक आहेत. मका डोक्याएवढा झालाय.

तुला एक सांगायचंय, पण कोरीला कळता कामा नये. तुला शपथ आहे. यंदा एप्रिलमध्ये मी तणरोधक टाकलं, आणि त्यावर तीनदा बी पेरलं. चक्क तीनदा, ताई. डेल क्रूगरचं पोट दुखेल हसून. पहिल्या दोन वेळा मला होल्यांचाच संशय होता. तिसऱ्या पेरणीच्या दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये रिकामी पिशवी दिसली, त्यावर तारीख माझ्याच अक्षरात. मी ती हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. टाकल्याचं मला काही म्हणजे काही आठवेना. फोर्सिथिया आठवते, त्या दिवशी वारा नव्हता हेही आठवतं, पण ती दाणे पसरायची हातगाडी ढकलणारा माणूस त्या चित्रात कुठे दिसतच नाही.

नंतर कोरीने विचारलं तेव्हा मी साफ खोटं बोललो. ती आधीच माझ्याकडे अशी बघते, जणू मी कढत सुपाचा वाडगा आहे आणि आता सांडणार. म्हटलं, पिशवी जागच्या जागी राहू दे, धीर आला की आपणच तिला दाखवू.

तर आता ती पिशवीच सापडत नाही. सगळं गॅरेज दोनदा उपसलं. कचऱ्यात मी टाकली असेन तर तेही आठवत नाही. एप्रिलचं विसरलो ते एक वेळ परवडलं, पण हे महिन्यापूर्वीचं आहे. की पिशवी नव्हतीच? हल्ली दुपारी पायऱ्यांवर बसलो की त्या टकलाकडे बघत राहतो. उन्हात ती माती पाण्यासारखी हलते. कधी वाटतं मेपलची सावली अजून तिथेच पडलीय. मग मी उठून पाय आपटतो आणि आत जातो.

हे कुणाला तरी सांगायचं होतं. तू लांब आहेस म्हणून तुला सांगितलं.

तुझ्या खडीला माझा नमस्कार. तुझी आठवण मात्र मी विसरलेलो नाही, हे लक्षात ठेव.

तुझा,
ऑर्लो


टूसॉन, अ‍ॅरिझोना
२८ जुलै १९९८

चि. कॉरिन हिस,
अनेक आशीर्वाद.

ऑर्लोने मला शपथ घातली होती. ती मी मोडतेय. या वयात देवालाही माझ्यावर फार काळ रागावून बसता येणार नाही.

त्याचं पत्र सोबत घातलंय. बसून वाच. त्याला सगळं माहीत आहे. तुझ्याआधीपासून माहीत आहे. तू विचारलंस तेव्हा तो विसरला नव्हता, तो घाबरून खोटं बोलला. आणि ती पिशवी तू उचललीस तेव्हापासून तो बिचारा आपलं डोकं गेलं असं धरून बसलाय. तू त्याला दुखवायचं नाही म्हणून केलंस, हे मला कळतं. पण त्याच्या डोक्यातल्या भोकाशेजारी दुसरं भोक तू पाडलंस, पोरी. ते तुलाच बुजवायचंय.

मी फोन उचलून त्याला सांगू शकले असते. सांगणार नाही. हे तुझ्या तोंडून त्याने ऐकायला हवं. लिहून नाही, फोनवर नाही, समोर बसून.

जास्त विचार करू नको. जास्त विचार करायला लागलीस की तू अजून एक महिना घालवशील.

जीव आहे तोवर तुम्हा दोघांवर माझा जीव आहे.

तुझी,
हुल्दाआत्या


हिकरी फोर्ड, ओहायो
३० ऑगस्ट १९९८

ती. हुल्दाआत्या हिस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं, मी खरंच एक महिना घालवला. चार शनिवार आले आणि गेले. दर वेळी पिशवी डिकीत होती, दर वेळी ती तशीच घेऊन परत गेले. एकदा बाबांना रेडिओवर बेसबॉल ऐकायचा होता, एकदा पीच उकळत ठेवले होते, एकदा ते फारच आनंदात होते, एकदा फारच गप्प. चारही कारणं मला तेव्हा खरी वाटली. आता एकही वाटत नाही. तेवढे चार आठवडे मी त्यांना त्या गॅरेजमध्ये एकटं ठेवलं, याचा हिशोब मला कुणाला तरी द्यावा लागेल. तुलाच देते.

या खेपेला मी शुक्रवारी रात्रीच आले होते. काल पहाटे हवा बदलली. झोपले होते तो खिडकीतून गार झुळूक आली, आणि स्वप्नात की जागेपणी ते सांगता येणार नाही, पण उन्हाळा पाय न वाजवता घरातून निघून गेल्यासारखं वाटलं. खाली आले तर बाबा अनवाणी अंगणात उभे. त्या टकलावर वाकून त्यांनी हाताचा पंजा मातीवर टेकवला होता, ताप बघतात तसा. ते म्हणाले, आता. खाली माती उबदार आहे आणि वर रात्री गार आहेत, खेकडागवताचे दिवस भरले, गवताचे सुरू होतायत. आणि औषधाचे चार महिने, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते बघितलं, आत्या. माणूस आपल्याच वाक्याच्या दारातून मागे फिरताना दिसला.

मी गाडीकडे गेले, पिशवी काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मी नेली होती, जूनमध्ये, तुम्हाला दिसू नये म्हणून. ती तुम्ही हरवलेली नाही.

ते कितीतरी वेळ तारखेवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते पायरीवर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, चोरटे, मी अडगळीतली पेटीसुद्धा उचकली, तुझ्या आईच्या टोप्यांपर्यंत पोचलो. मग म्हणाले, हुल्दाने सांगितलं ना? तिच्या पोटात पाणी ठरत नाही, नाहीतर वाळवंटात कशाला गेली असती. तुझ्यावर राग नाही, आत्या, हे तुला कळवायला त्यांनी सांगितलंय.

मग जरा वेळाने, गवताकडे बघत, माझ्याकडे नाही, ते म्हणाले की ही पिशवी तुझी चोरी, ती माझ्या खात्यातून वजा कर. पण अठरा एप्रिल माझा आहे. तो कुणी चोरलेला नाही. आणि तो एकटाही नाही. जुलैत चर्चच्या जेवणाहून येताना दोन रस्ते मिळतात तिथे गाडी थांबवून ते उभे होते, घर कुठल्या बाजूला ते कळेना. मागच्या गाडीने हॉर्न दिला म्हणून वळले, आणि नशिबाने बरोबर वळले.

डॉक्टर हा शब्द दोन महिने माझ्या जिभेवर होता, आणि नेमका तेव्हा मला तो उच्चारता येईना. तो त्यांनीच उच्चारला. म्हणाले, खेकडागवत दिसायला लागल्यावर औषध टाकून काही होत नाही, हे मी गल्लीभर सांगत आलो. मलाही कुणीतरी बघायला हवं, दिसतंय त्यापेक्षा जास्त पसरायच्या आत. मात्र एक अट घातली. जे काही डॉक्टर सांगतील ते आधी त्यांना सांगायचं, मला बाजूला घेऊन नाही. आणि मी पुन्हा त्यांच्यापासून काही लपवायचं नाही, ते कितीही वाईट असलं तरी. मी कबूल केलं. ते शब्द पाळणं मला जमेल का, हे मी स्वतःला कालपासून विचारतेय. जमवायला हवं.

दुपारी आम्ही पेरलं. म्हणजे मी पेरलं, बाबा खुर्चीवरून ओरडत होते. दाताळ्याने माती उकर, अगं खरवड, गुदगुल्या काय करतेस. अर्धं बी उभं जाऊन टाक, अर्धं आडवं. गाडायचं नाही, नुसतं मातीला टेकलं पाहिजे. शेवटी ते स्वतः उठले, माझा खांदा धरला, आणि आम्ही दोघं त्या मातीवर लहान पावलं टाकत चाललो, बी दाबायला, पुढे आणि मागे, मागे आणि पुढे. डेल क्रूगर फुटपाथवर थबकला. बाबांनी मोठ्याने त्याला सांगितलं, की एप्रिलमध्ये औषध टाकून वर तीनदा बी पेरलं होतं, विसरलो होतो. गल्लीत असं कुणी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. डेल कुंपणाशी आला. मग तो म्हणाला की त्यानेही गेल्या वर्षी खताऐवजी मीठ टाकलं होतं, आणि ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

आत्ता रविवारची संध्याकाळ आहे. बाबा आत मका सोलतायत. माती ओली आणि काळी आहे, तिच्यात काय चाललंय ते वरून दिसत नाही. तीन आठवडे लागतील, कदाचित जास्त. त्यांच्या बाबतीत किती दिवस आहेत ते मला माहीत नाही, आणि ते कळल्यावर मी कशी वागेन हेही नाही. उद्याची मी कॉलेजातून रजा घेतलीय.

माझ्यावर लोभ ठेव. या वेळी तो मी थोडाफार कमावलाय असं मला वाटू दे.

तुझी,
कॉरिन

ता. क. उद्या सकाळी आठ वाजता डॉक्टरांचा दवाखाना उघडतो. फोन करून वेळ घ्यायची, बाबा शेजारी बसलेले असताना.