तिसऱ्या जागेवरचं शून्य

३ नोव्हेंबर, सोम.
‘लिनक्स न वापरणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आपल्याला दर वेळी दाराबाहेर ठेवतात आणि वर सांगतात, दार उघडंच आहे.’ अशी सुरुवात करून आमच्या ऑनलाइन गटावर लांबलचक लिहिलं. कारण मुकादमाची सूचना. (मुकादम म्हणजे आमचा डीबगर, प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन, सांभाळणारा गृहस्थ. कुठल्या देशात असतो, नक्की माहीत नाही.) पुढच्या आवृत्तीतून बीएसडीचा (लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) भाग काढणार. तो मोडलाय आणि कोणी दुरुस्त करत नाही.
दिवा स्टेशनजवळ मी मुलांना शिकवते, त्या वर्गातली सगळी यंत्रं बीएसडीवर. डीबगर गेला की मुलं पुन्हा ओळीओळीला काहीतरी छापून चूक शोधत बसणार. चालता प्रोग्राम थांबवून त्याच्या आत बघता येणं ही चैन नव्हे, हक्क आहे. शेवटी लिहून टाकलं, मी करते.
मुकादम: महिनाअखेरपर्यंत. चाचण्यांसकट.
अविनाशला सगळं वाचून दाखवलं. नवरा म्हणून त्याचा एकच प्रश्न: “छान. पण हे येतं का तुला?”
येईल.

५ नोव्हें., बुध.
प्रोग्राम थांबवायचा, आत डोकवायचं, पुढे सोडायचा. तिन्हींना एकच सिस्टिम कॉल, म्हणजे सिस्टिमला करायची विनंती: पीट्रेस. लिनक्सवर आहे, बीएसडीवरही आहे. म्हणजे घराणं एकच, फक्त आज्ञांची नावं वेगळी. नावं बदलली. बिल्ड झालं, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम तयार झाला. पोहे करपले, तरी चांगले लागले.
गटावर जाहीर केलं: नुसत्या नावांचा प्रश्न होता. माणसांत असतो तसाच.

८ नोव्हें., शनि.
दिव्याला, भोईरच्या गाळ्यात. कॉलेजपासूनचा मित्र, वर्गाला जागा त्यानेच दिलेली. पाण्याचा टँकर येणार म्हणून तोही थांबलेला. त्याला थाटात चालवून दाखवायला गेले. प्रोग्राम सुरू झाला, पहिल्या ओळीवर थांबायची खूण, ब्रेकपॉइंट, लावली होती तिथे शहाण्यासारखा थांबला. ‘पुढे जा’ म्हटलं आणि मेला. पुन्हा केलं. पुन्हा मेला.
मी कंपायलरपासून सुरुवात केली, मग प्रोसेसर, मग एकाच सिस्टिमच्या मक्तेदारीने जगाचं केलेलं नुकसान...
भोईर: “अगं, तुझ्या तोंडाला एक ब्रेकपॉइंट लाव. बीएसडीचं मॅन्युअल वाचलंस का?”
“पीट्रेस मला पाठ आहे.”
“लिनक्सचं पाठ आहे. तीन दिवस काय केलंस मग?”
टँकर आला. तो पाइप धरायला गेला. मी वाचायला बसले, रागानेच.

त्याच दिवशी, घरी
सापडलं.
‘पुढे जा’ या आज्ञेत तिसऱ्या जागी एक पत्ता द्यायचा असतो. लिनक्स तो बघतच नाही, म्हणून आमच्या कोडमध्ये तिथे शून्य. बीएसडी बघतं. शून्य म्हणजे ‘शून्य पत्त्यावर जा’. तिथे काहीच नाही. प्रोग्राम आज्ञाधारकपणे जातो आणि मरतो. जिथे थांबलास तिथूनच पुढे, असं सांगायचं तर शून्याऐवजी एक हा आकडा द्यावा लागतो. एक दिला. चालला.
कोणी बघत नाही तिथे आपण काहीही लिहीत राहतो, मग बघणारा भेटला की त्यालाच मोडका म्हणतो. हे गटावरच्या पुढच्या भाषणात घेणार.
भोईरला फोन. तो: “वाचलंस म्हणजे. आता जेव.”

१५ नोव्हें., शनि.
भोईरशी भांडण, टेंभी नाक्यावर, उभ्या उभ्या. माझं म्हणणं, जागोजागी ‘लिनक्स असेल तर हे, बीएसडी असेल तर ते’ नको. मधल्या कोडला सिस्टिमचं नावच कळता कामा नये, प्रत्येक सिस्टिमची फाइल वेगळी.
“फाइली वाढतील.”
“वाढू देत. उद्या तिसरी सिस्टिम आली तर तिला मागच्या दाराने घेणार का?”
“लोक बघतायत, हळू बोल.” मग: “बरोबर आहे तुझं. रजिस्टरवाली फाइल मी घेतो.” (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतले कप्पे.)

२३ नोव्हें., रवि.
चाचण्या पास. एक सोडून. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामला मधेच धरलं की माझ्याकडे कधी धरला जातो, कधी नाही. भोईरच्या यंत्रावर दर वेळी धरला जातो. तरी मुकादमाला पाठवलं, नापास निकाल लपवला नाही.

२६ नोव्हें., बुध.
मुकादमाचं उत्तर: काम चांगलं आहे. पण पुढच्या वेळी मोडलं तर कोण बघणार? एका माणसावर मी हा भाग ठेवणार नाही. शिवाय ती चाचणी दोन यंत्रांवरून कळत नाही.
त्याखाली भोईरने सांभाळणारा म्हणून आपलं नाव टाकलंय. मला न सांगता. तरी दोनच नावं, दोनच यंत्रं.

२८ नोव्हें., शुक्र.
ही पानं आहेत तशी गटावर टाकतेय. भाषण नाही. माझी शाखा, म्हणजे माझ्या बदलांसकटची कोडची प्रत, आपापल्या बीएसडीवर बिल्ड करा, ती एक चाचणी चालवा, आणि पास असो नापास असो, निकाल स्वतःच्या नावाने मुकादमाच्या उत्तराखाली टाका. रविवारी महिना संपतो, त्याच्या आत.